लहान कॅमेऱ्याची काही चूक नव्हती

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली शेतात साजरी होणारी अमावस्या, होऊन गेली की थोड्याच दिवसांत माझ्या बायकोची पुण्यतिथी येते. त्या दिवशी लेक पाथरीहून येते. आम्ही जंगम स्वामींना जेवू घालतो, भिंतीवरच्या फोटोला हार घालतो आणि संध्याकाळच्या एसटीनं ती परत जाते. यंदा तिच्याबरोबर नातही आली. तिला मला काहीतरी विचारायचं होतं.

नात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सोबत साखरपुड्यांचे, बारशांचे फोटो काढते. तिचा डीएसएलआर माझ्या काळच्यापेक्षा कितीतरी सरस आहे. त्याच्या जोडीला तिला एक लहान कॅमेरा घ्यायचा होता. वीस वर्षांपूर्वीचे लहान कॅमेरे आता पुन्हा चालायला लागलेत म्हणे, पोरं शोधून शोधून घेतात. मी गंगाखेडला जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला. तेव्हा तिनं मला विचारावं यात नवल नव्हतं.

“आबा, मोठा काढला की माणसं पुतळ्यासारखी उभी राहतेत. लहान असला तर कुणाला कळतबी न्हाई. कोणता घेऊ सांगा.”

मी उत्तर देण्याआधी स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला. “लहान कॅमेऱ्याच्या नादी लागू नको. ऐनवेळी दगा देतेत. तुझ्या आजीचे फोटू खाल्लेत त्या लहान कॅमेऱ्यानं. अन् तो मीच निवडला होता.”

‘मीच निवडला होता’ हे ती दरवेळी जोडते. कुणी विचारो न विचारो. मी ते इतकी वर्षं ऐकत आलो आहे, आणि दरवेळी गप्प बसलो आहे. त्या दिवशीही आधी गप्पच बसलो.

आता मला सगळं क्रमानं लिहायचं आहे. नातलगांत ही गोष्ट एका पद्धतीनं सांगितली जाते, आणि ती पद्धत मी पाडली आहे.

मी डीएसएलआर घेतला तेव्हा तालुक्यात तसा कॅमेरा क्वचित कुणाकडे होता. मला त्याचा माज होता. गळ्यात अडकवून मांडवात शिरलो की माणसं वाट द्यायची, म्हातारे टोप्या सारख्या करायचे. पण तोच कॅमेरा घराच्या आत नेला की घर बदलायचं. बायका बोलता बोलता थांबायच्या, पदर ओढून ओळीत उभ्या राहायच्या. लेकरं रडायची. हळदीच्या खोलीत, डोहाळजेवणात मी पोचलो की आतला हशा विझायचा आणि मला मिळायचे ते फोटो मतदार ओळखपत्रासारखे. म्हणून मोठ्याच्या जोडीला लहान कॅमेरा घ्यायचं मी ठरवलं. घरच्यांना मात्र सांगितलं, की मोठा गिऱ्हाइकाला आणि लहान घराला.

बायको हसली. “घराला? फोटूवाल्याच्या घरात फोटू?”

तिचा एकही धड फोटो नव्हता हे खरं होतं. आमच्या लग्नातल्या फोटोत ती पदराच्या आड आहे. गटाच्या फोटोत कुठे पाठमोरी, कुठे कुणाच्या फेट्यामागं. एका ठिकाणी समोर आहे, तर नेमके डोळे मिटलेले. मी कॅमेरा उचलला की ती म्हणायची, “राहू द्या, रीळ वाया जाईल.” डिजिटल आलं, रीळ गेलं, तरी तिचं तेच. आणि मला आग्रह करायला वेळ नव्हता. दिवसभर लोकांना ‘हसा, हसा’ म्हणून आलेला माणूस घरी कुणाला हसवत नाही.

एकदा ती ज्वारीची भाकरी थापता थापता म्हणाली, “मी मेल्यावर काढा माझा फोटू. तवा मी हलणार बी न्हाई. तुमाला बरं पडंल.”

हा विनोद परक्याला कळणार नाही, म्हणून सांगतो. आम्ही लिंगायत. आमच्यात देह आडवा ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग देऊन मांडी घालून बसवतात आणि बसलेल्या स्थितीतच समाधी देतात. बसवलेल्या माणसाशेजारी घरचे लोक उभे राहतात आणि फोटो काढतात. पंचक्रोशीत कुणी गेलं की स्वामींच्या पाठोपाठ मला निरोप यायचा. पुष्कळ घरांत त्या माणसाचा तोवर एकही फोटो नसायचा. मग म्हणायचे, “ह्याच्यातूनच एक मोठा करून द्या, पण डोळे उघडून द्या.” पूर्वी मी बारीक ब्रशनं डोळे रंगवत असे. पुढं कॉम्प्युटर आला. मग भावाचे, मुलाचे, कुणाचेही मिळतेजुळते डोळे घेऊन बसवायचे. गंगाखेड तालुक्यात कितीतरी भिंतींवर आजही माणसं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघत बसली आहेत. त्यांतली बरीच माझ्या हातची.

तर लहान कॅमेरा. निवडायला मी लेकीला घेऊन नांदेडला गेलो. तिची बारावी झाली होती, स्टुडिओत बसून अल्बम लावायची, कॉम्प्युटर माझ्याआधी शिकली होती. दुकानदारानं चार-पाच कॅमेरे काचेवर मांडले. मी सगळ्यांत मोठा झूम लिहिलेला उचलला. कॅमेऱ्यावर आकडा चिकटवला असला की मला तो खरा वाटायचा.

“आप्पा, झूम कशाला?” ती म्हणाली. “लहान कॅमेरा जवळ जायला घ्यायलाव की लांबून बघायला? लांबून बघायला मोठा हाय की.”

दुकानदार हसला. मला ते लागलं. तिनं दुसरा उचलला. रंगानं काळा, दिसायला साधा, झूम थोडाच. त्याला डोळा लावून बघायची काचेची खिडकी होती, म्हणजे उन्हातही नेम धरता येणार. तो साध्या पेन्सिल सेलवर चालायचा. “सेल खेड्यात किराणा दुकानातबी मिळतेत,” ती म्हणाली. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत तिनं दुकानदारालाच उभं करून फोटो काढला, फ्लॅश न मारता, आणि मला दाखवला. चांगला आला होता.

माझी एकच अट होती. कार्ड दोन्ही कॅमेऱ्यांत चालणारं पाहिजे. तेव्हा कार्डं महाग होती. मी म्हणालो, दोन कॅमेरे, दोन कार्डं, अडीअडचणीला याचं त्यात, त्याचं यात. ती म्हणाली, “चालतंय, आप्पा. तेच कार्ड हाय.” ही अट माझी होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या अटीमुळं झालं, तिच्या निवडीमुळं नाही.

तो कॅमेरा घराचा कधी झालाच नाही. मी त्याला हळदीच्या खोल्यांत नेला, डोहाळजेवणात नेला. त्यातून आलेले फोटो लोक नावाजायचे. “तुमचा हात लय हलका झालाय,” असं एका गिऱ्हाइकानं म्हटलं, तेव्हा लेक शेजारी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

मग तिचं लग्न झालं, ती पाथरीला गेली आणि श्रावणात पहिल्या पंचमीला माहेरी आली. आमच्या घरामागं कडुलिंब आहे. त्याला तिनं झोका बांधला. मी दुकानात होतो. दुपारी जेवायला आलो तर मागून हसण्याचा आवाज येत होता, आणि त्या हसण्यातला एक आवाज मला पटकन ओळखू आला नाही. तो माझ्या बायकोचा होता. पन्नाशीच्या आसपासची बाई, पदर कमरेला खोचून झोक्यावर उभी होती आणि घोटे ताणून झोका चढवत होती. लेक लहान कॅमेरा घेऊन खाली बसली होती.

“आई, इकडं बघ.”

“बघायले की. पडले तर तुझा बाप माझा फोटू काढायला मोकळा.”

“अगं हस.”

“आणखी किती हसू?”

मला बघून तिनं पदर सोडला नाही. झोकाही थांबवला नाही. एवढं मला आठवतं. मी आत जाऊन जेवलो.

रात्री लेकीनं सासरच्या जीपमध्ये बसताना सांगितलं, “आप्पा, कार्डात आईचे फोटू हायेत. उद्या कॉम्प्युटरवर टाका. झोक्यावरचा एक तर मोठा करायचाय.” मी हो म्हणालो.

सकाळी झरीहून निरोप आला. आमच्याच नात्यातले एक म्हातारे गेले होते. शेतीवाडीचं मोठं घर. त्यांनी जीप पाठवली होती. वीज गेलेली होती. त्या वर्षांत ती जाण्याचंच काही वेळापत्रक असायचं, येण्याचं नसायचं. माझ्या डीएसएलआरमधलं कार्ड आदल्या दिवशीच्या एका बारशानं भरलेलं होतं आणि विजेशिवाय ते रिकामं करता येत नव्हतं. दुसरं कार्ड लहान कॅमेऱ्यात होतं.

मी ते काढलं. मोठ्या कॅमेऱ्यात घातलं. जागा थोडी शिल्लक होती. एकेक फोटो बघून नको ते पुसता आले असते. जीपवाला दारात हॉर्न वाजवत होता. मी बटण दाबून बघितलं तर पडद्यावर बायको आली. झोक्यावर, सरळ माझ्याकडं बघत, दात दिसताहेत. समोरच्या एका दाताचा टवका उडालेला होता. तिशीपासून होता, हसताना ती तो नेहमी ओठाखाली झाकायची. त्या फोटोत झाकला नव्हता.

मी तो बघितला. विसरून, घाईत, चुकून असं काही झालं नाही. बघितला आणि मनात म्हणालो, हे घरचे आहेत, पुढच्या पंचमीला पुन्हा काढता येतील. बारसं गिऱ्हाइकाचं आहे, ते पुन्हा काढता येणार नाही. मग कामाला निघताना नेहमी करायचो तसं अख्खं कार्ड कोरं केलं.

ती मागच्या दारात उभी होती. “च्या घेऊन जा,” म्हणाली. मी घेतला नाही.

झरीच्या घरात गेलो तर बैठकीच्या चारही भिंतींवर त्या म्हाताऱ्याचे फोटो होते. घोड्यावर, ट्रॅक्टरवर, पुढाऱ्यांच्या बाजूला, काशीला. त्यांना डोळे उघडून द्यायचीही गरज नव्हती. मी त्यांचे आणखी एवढे फोटो काढले, की कार्ड भरून गेलं. पुढं मला कळलं, की कोऱ्या केलेल्या कार्डातून जुने फोटो कधी कधी परत काढता येतात. फक्त त्याच्यावर नवीन काही काढलेलं नको. मी काढलेलं होतं.

लेक फोनवर विचारत राहिली. “टाकले का?” मी म्हणायचो, टाकतो. वीज नाही. सीझन आहे. टाकतो की. बायकोनं मात्र एकदाही विचारलं नाही. तिला फोटोचं काही नव्हतं, असं मी तेव्हा धरून चाललो.

त्याच हिवाळ्यात, येळवशीनंतर, ती अंगणात तुरी पाखडत असताना बसल्या जागी गेली. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.

तिला बसवलं. विभूती लावली, बेल वाहिला. घर नातलगांनी भरलं. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “वहिनीचा एखादा फोटू काढा बाहेर, हार घालायला.” आणि लेक, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. “हाय की! पंचमीचा हाय. झोक्यावरचा. आप्पा, तो काढा.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“ते कार्ड खराब झालं,” मी म्हणालो. “त्या लहान कॅमेऱ्यानं खाल्लं. काहीच निघालं नाही.”

हे मी आधीपासून ठरवलेलं नव्हतं. पण जिभेवर असं तयार बसलं होतं, की म्हणायला अडखळलोही नाही. भाऊ म्हणाला, “तरी मी म्हणलं होतं. पोरीच्या अकलेनं घेतलेली वस्तू. चांगला झूमचा मिळत होता म्हणं.” झूमची गोष्ट त्याला मीच सांगितली होती, नांदेडहून आल्यावर, माझा मान राखायला.

लेक माझ्याजवळ आली. “आप्पा, तुमी म्हणत होता तो घेतला असता, तर राहिले असते का फोटू?”

त्या क्षणी नाही म्हणता आलं असतं. एवढा एक शब्द. मी म्हणालो, “आता बोलून काय उपयोग?”

कार्ड पुसलं, ती एक चूक होती. धंद्यात वाढलेल्या माणसाची, कोडगी, पण चूक. हे दुसरं वाक्य चूक नव्हती. मी ते विचार करून बोललो. माझ्यावरचं उचललं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं, तिची आई समोर बसलेली असताना.

मग मी मोठा कॅमेरा घेतला आणि जिथं लोकांनी मला जन्मभर उभं केलं, तिथं उभा राहिलो. ती खरंच हलली नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत फोटो तयार पाहिजे होता. तिचे डोळे माझ्याजवळ कुठंच नव्हते. लेकीच्या लग्नातल्या फोटोतून मी लेकीचे घेतले. काजळ पुसलं, खाली सुरकुत्या ओढल्या, पापण्या थोड्या उतरवल्या. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यांत सफाईचं काम. बघणारे म्हणाले, जिवंत वाटते. लेक बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली आणि काही न बोलता निघून गेली. मला वाटलं, तिला कळलं नाही.

तो फोटो अजून भिंतीवर आहे. होता.

यंदा पुण्यतिथीचं जेवण झाल्यावर आम्ही तिघं मागच्या अंगणात उन्हाला बसलो होतो. लेक हरभऱ्याचे घाटे सोलत होती. नातीनं माझ्या शोकेसमधून जुने कॅमेरे बाहेर काढले होते. त्यात तो लहान काळा कॅमेरा होता. तिनं भिंतीवरच्या घड्याळातले आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यात घातले, बटण दाबलं आणि लेन्स घर्रकन बाहेर आली.

“चालू हाय की, आबा! लय भारी. हाच देऊन टाका मला.”

“असंल चालू,” लेक म्हणाली. “त्याचा भरवसा न्हाई. भंगारात टाक.”

“त्यानं काही खाल्लं नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“कार्ड खराब झालं नव्हतं. मी पुसलं. झरीला जायचं होतं, दुसरं कार्ड रिकामं नव्हतं.”

तिचे हात थांबले नाहीत. एक घाटा सोलला, दाणा भांड्यात टाकला, दुसरा उचलला.

“बघून पुसलं का न बघता?”

“बघून.”

“झोक्यावरचा?”

“तोच होता समोर.”

नातीनं लेन्स बंद करून कॅमेरा मांडीवर ठेवला. लेकीनं आणखी दोन-तीन घाटे सोलले. मग विचारलं, “म्हणजे कॅमेरा चांगला होता?”

“चांगला होता. तू बरोबर निवडला होतास.”

“मला पास-नापास करू नका, आप्पा.” आता तिनं भांडं बाजूला ठेवलं. “ही झाली तवा हिचा बाप म्हणायचा, कॅमेरा घेऊ. मी घेऊ दिला न्हाई. माझ्या हाताला यश न्हाई म्हणलं. मी निवडलेल्या वस्तूत माणसाचे फोटू राहत न्हाईत म्हणलं. येड्यासारखं. दरसाल हिला स्टुडिओत नेऊन बसवली.”

“म्हणूनच व्हय?” नात म्हणाली. “माझ्या सगळ्या फोटूत मागं तो बर्फाचा डोंगरच हाय. पाथरीत राहिले का काश्मिरात, कुणाला कळायचं न्हाई.”

कुणी हसलं नाही. तिनंच मान खाली घातली.

“आज का सांगायलाव?” लेकीनं विचारलं.

“हिला लहान कॅमेरा घ्यायचाय. तू नको म्हणालीस, म्हणून…”

“म्हणजे कॅमेऱ्यावर उगीच आळ येऊ नये म्हणून. माझ्यावर होता तो चालला.”

ती उठून आत गेली. मी मागोमाग गेलो. ती आईच्या फोटोसमोर उभी होती.

“हे डोळे माझे हायेत,” ती म्हणाली.

मी फोटोच्या जवळ सरकलो.

“तवाच ओळखले. लग्नाच्या आधी मला उजव्या डोळ्याला रांजणवाडी आलती, लग्नापर्यंत सूज गेली नव्हती. तुमी काजळ काढलं, सूज तशीच राहिली. ती बघा. आईला कुठून येईल?”

मी बघितलं. इतक्या वर्षांत मला ती दिसली नव्हती. माझंच काम.

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, फोटू माझ्यामुळं गेले. तर डोळे तरी माझे लागू द्या. फेडल्यासारखं होईल.” तिनं पदरानं काच पुसली, हार उतरवला, मग फ्रेम खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली. “आता फेडायचं काही राहिलं न्हाई. माझे डोळे काढा ह्यातून. आईचे मिटून द्या.”

आयुष्यभर मला लोकांनी डोळे उघडून द्या म्हटलं. मिटून द्या असं म्हणणारी ती पहिली.

संध्याकाळची एसटी पकडायला त्या दोघी निघाल्या. नातीनं कॅमेरा शोकेसमध्ये परत ठेवला होता. मी तो काढून तिच्या पिशवीत घातला. लेकीनं पाहिलं, पण काढ म्हणाली नाही.

मूळ फोटो एका सीडीवर होता. माझा कॉम्प्युटर केव्हाच बंद पडला आहे, म्हणून बसस्टँडजवळच्या एका नव्या स्टुडिओत गेलो. तिथल्या मुलानं सीडी लावली, पडद्यावर माझी बायको बसलेली दिसली, विभूती लावलेली, डोळे मिटलेले. तो म्हणाला, “काका, डोळे उघडून देऊ का? आता एका क्लिकमध्ये होतं. कळणार बी न्हाई.”

“नको. आहे तसा दे.”

“भिंतीवर बरं दिसत न्हाई हो असं.”

“तसाच दे.”

फ्रेम करून मी तो पाथरीला घेऊन गेलो. लेकीनं दार उघडलं, पाणी दिलं. फ्रेमवरचा कागद काढून ती बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, “आता मेल्यासारखी दिसती.” रडली नाही. बैठकीत जागा बघून तिनं स्वतः खिळा ठोकला. मी हातोडी मागितली, ती दिली नाही.

नात लहान कॅमेरा घेऊन आली. तिनं त्याला नवीन कार्ड आणलं होतं, ते आत घालत होती. मी तिला सांगितलं, की मोठ्याचं कार्ड मोठ्याला आणि लहानाचं लहानाला, त्यांची अदलाबदल कधी करायची नाही, आणि झूमच्या आकड्याला भुलायचं नाही. एवढंच मला सांगण्यासारखं होतं. तिनं मान हलवली आणि आईकडं वळली.

“आई, इकडं बघ.”

लेक फोटोखाली उभी होती, हातात हातोडी. तिनं तोंड फिरवलं नाही. पदरही सारखा केला नाही. कॅमेरा वाजला. नात पडद्यावर बघत माझ्याकडं यायला लागली. मला दाखवायला असेल. तेवढ्यात लेक म्हणाली, “कार्ड आबांच्या हातात देऊ नको.”

हे ती हळू बोलली नाही. मी चपला पायात घातल्या. गंगाखेडची गाडी किती वाजता आहे, ते मी तिला विचारलं नाही. स्टँडवर जाऊन बसलो.